साथ ओसरली, पण घराची घडी विस्कटली

काही दिवसांपूर्वी दवाखान्यात एक पन्नाशीचे गृहस्थ आले. पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने झाले तरी भरत नव्हती. रक्तातील साखर तपासली, तर ती ३८० निघाली.

''मधुमेह कधीपासून आहे?'' मी विचारले.

''झाली की बारा वर्षं, डॉक्टरसाहेब.''

''मग गोळ्या?''

''त्या कोरोनात सुटल्या, त्या सुटल्याच.''

या गृहस्थांचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांच्या लग्नसराया हातच्या गेल्या. व्यवसायासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र थांबले नाही. टेम्पो विकला, पत्नीचे दागिने गहाण पडले. जो पैसा येई तो आधी व्याजाला, मग किराण्याला, मग मुलांच्या फीला. सर्वांत शेवटी त्यांच्या गोळ्यांचा नंबर लागे आणि तिथवर पैसा पुरत नसे. शेवटी मी विचारले, ''तुम्हाला स्वतःला कोरोना झाला होता का?'' ते म्हणाले, ''नाही हो. आमच्या घरात कुणालाच झाला नाही.''

वाचकहो, या गृहस्थांचे नाव कोरोनाच्या कोणत्याही यादीत नाही. पण त्यांच्या पायाची ही जखम कोरोनाचीच आहे, असे म्हटले तर चूक होईल काय? साथीचा रोग शरीरात शिरतो तेव्हा तो तपासणीत सापडतो. पण तो जेव्हा खिशात, शाळेत, बाजारात आणि माणसामाणसांतील नात्यांत शिरतो, तेव्हा त्याची नोंद कोणत्याच प्रयोगशाळेत होत नाही. आज आपण या दुसऱ्या आजाराचा विचार करू या. आपल्यासारख्या विकसनशील देशात जगभराची साथ आली म्हणजे नेमके काय घडते, आणि पुढच्या वेळी आपण काय सांभाळले पाहिजे, हे समजून घेणे हासुद्धा आरोग्यशिक्षणाचाच भाग आहे.

उपाय एकच, सोसणारे वेगवेगळे

भारतात कोरोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात सापडला. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च रोजी पुण्यात आढळले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ही जगभराची साथ असल्याचे जाहीर केले. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदीची घोषणा झाली आणि रात्री बारापासून ती अमलात आली. मध्ये अवघे चार तास होते.

टाळेबंदीमागचे वैद्यकीय कारण सोपे आहे. हा विषाणू श्वासावाटे, एकाकडून दुसऱ्याकडे जातो. माणसे एकमेकांजवळ आली नाहीत, तर त्याचा प्रवास मंदावतो. रोग त्यामुळे नाहीसा होत नाही, पण सगळे रुग्ण एकाच आठवड्यात रुग्णालयाच्या दारात उभे राहत नाहीत. खाटा, प्राणवायू, डॉक्टर, परिचारिका यांची जमवाजमव करायला वेळ मिळतो. तेव्हा लस नव्हती, खात्रीचे औषध नव्हते. अशा वेळी जगातील बहुतेक देशांनी हाच मार्ग धरला.

मात्र एकच औषध सगळ्या प्रकृतींना सारखे मानवत नाही, हे आपण जाणतो. टाळेबंदीचेही तसेच झाले. ज्याला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो, घरात तीन खोल्या आहेत आणि बँकेत चार पैसे आहेत, त्याच्यासाठी 'घरीच राहा' ही सूचना त्रासाची होती, पण पाळता येण्याजोगी होती. आपल्या देशात मात्र दहापैकी जवळजवळ नऊ कामगार असंघटित क्षेत्रात आहेत. त्यांना ना नेमणुकीचे पत्र, ना रजा, ना आजारपणाचा पगार. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी चूल नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला घरी बसायला सांगणे म्हणजे उपाशी बसायला सांगणे होते.

दुसरी गोष्ट घराची. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत रक्ततपासणी करून किती जणांना संसर्ग होऊन गेला हे पाहण्यात आले. झोपडपट्ट्यांमध्ये तपासलेल्यांपैकी ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. झोपडपट्टीबाहेरच्या वस्तीत हेच प्रमाण १६ टक्के होते. शहर एकच, पालिका एकच, नियमही तेच. पण दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे आणि पन्नास कुटुंबांना मिळून चार संडास असतील, तर सुरक्षित अंतर ठेवायचे कोठे? रोग गरीब-श्रीमंत भेद करत नाही असे आपण म्हणतो. रोग करत नसेल, पण राहणीमान तो भेद करते.

रस्त्यावर आलेला देश

टाळेबंदीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच महामार्गांवर माणसांच्या रांगा दिसू लागल्या. डोक्यावर बोचके, कडेवर मूल. मुंबई, पुणे, सुरत, दिल्ली येथून माणसे शेकडो मैल चालत आपल्या गावाकडे निघाली. शहरात काम बंद, खोलीचे भाडे थकलेले, ओळखीचे कोणी नाही आणि रेशनकार्ड गावाकडे. मग शहरात राहायचे तरी कशासाठी?

८ मे २०२० ची पहाट महाराष्ट्र विसरू शकणार नाही. जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातील मजूर औरंगाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले होते. गाड्या बंद आहेत, अशी त्यांची समजूत. मालगाडी आली आणि १६ जणांचा जीव गेला. रुळांवर त्यांनी वाटेसाठी बांधून घेतलेल्या भाकऱ्या-पोळ्या विखुरल्या होत्या. या सोळा जणांचा मृत्यू कोरोनाने झाला नाही, पण कोरोनाशिवाय तो झाला असता, असेही म्हणता येत नाही.

१ मे पासून श्रमिकांसाठी खास रेल्वेगाड्या सुरू झाल्या. त्यांतून सुमारे ६३ लाख लोक घरी पोचले. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार एकूण १ कोटी १४ लाखांहून अधिक स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतले. आपल्याकडचे ऊसतोड कामगारही याच फेऱ्यात सापडले. हंगाम संपत आलेला, पण जिल्ह्यांच्या सीमा बंद. बीड-नगर भागातील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांच्या परिसरात अडकून पडली. एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना गावी जाण्याची परवानगी मिळाली.

एक लग्न थांबले, तर काय काय थांबते?

अर्थव्यवस्था हा शब्द ऐकला की आपल्याला शेअरबाजार आठवतो. पण तो समजून घ्यायला आपल्या गावातील एक लग्न पुरे. लग्न रद्द झाले, तर मंडपवाला, बँडवाला, आचारी, वाढपी, फुलवाला, फोटोग्राफर, पत्रिका छापणारा, जीप भाड्याने देणारा, सोनार आणि कापडदुकानदार या सर्वांचे उत्पन्न त्या दिवशी बंद होते. मंडपवाल्याला पैसे मिळाले नाहीत, म्हणून तो किराणा दुकानदाराची उधारी देत नाही. दुकानदार घाऊक व्यापाऱ्याचे पैसे थकवतो. बँडमधला पोरगा बहिणीला पैसे पाठवत नाही. रक्ताभिसरण थांबल्यावर जसा एकेक अवयव थंड पडत जातो, तसेच पैशाचे फिरणे थांबल्यावर समाजाचे होते.

देशाच्या पातळीवर हेच घडले. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घटल्याचे तेव्हा जाहीर झाले. म्हणजे रुपयातील जवळजवळ चार आणे गेले. बांधकाम तर निम्म्यावर आले. व्यापार, हॉटेले आणि वाहतूक यांत ४७ टक्के घट झाली. पुढे सुधारलेल्या आकड्यांनुसार २०२०-२१ या पूर्ण वर्षाची घट ५.८ टक्के ठरली. १९७९-८० नंतर देशाचे वार्षिक उत्पन्न प्रथमच वाढण्याऐवजी कमी झाले होते. रोजगाराची पाहणी करणाऱ्या 'सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी' या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे एकट्या एप्रिल २०२० मध्ये सुमारे १२ कोटी लोकांचे काम गेले. त्यांत सर्वाधिक होते फेरीवाले, लहान व्यापारी आणि रोजंदारीचे मजूर.

या काळात वाढलेले क्षेत्र एकच, ते म्हणजे शेती. आकडा ३.४ टक्के वाढीचा होता. पण पीक चांगले येणे वेगळे आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा येणे वेगळे. मार्च-एप्रिल हा द्राक्षांचा हंगाम. व्यापारी फिरकेना, मजूर मिळेना, बाजार समित्या बंद. नाशिक-सांगलीकडे अनेक बागाईतदारांनी माल सुकवून बेदाणा केला. ज्याला तेही जमले नाही, त्याचा माल वेलीवरच राहिला. फुलांना देऊळही नाही आणि लग्नही नाही. दूध मात्र रोज निघतच होते, पण हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद असल्याने भाव पडले. शहरातून परतलेली माणसेही याच शेतीवर येऊन टेकली. दोन एकरांवर चार माणसांऐवजी नऊ माणसे जगू लागली. शेतीने देशाला तारले हे खरे, पण ते ओझे कुणाच्या पाठीवर पडले, हेही पाहिले पाहिजे.

बिल पाहून येणारी चक्कर

२०२१ च्या मार्चपासून दुसरी लाट आली. ६ मे २०२१ रोजी देशात एका दिवसात ४ लाख १४ हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले. खाट, प्राणवायू, रेमडेसिव्हिरचे इंजेक्शन यांसाठी नातेवाईक रात्र-रात्र धावत होते. काळाबाजारही झाला.

आपल्या देशात आरोग्यावर जो एकूण खर्च होतो, त्यातला जवळजवळ निम्मा (२०१९-२० मध्ये ४७ टक्के) लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला होता. म्हणजे आजार जितका मोठा, तितका खिसा अधिक फाटणार. महाराष्ट्र सरकारने मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले. साध्या कक्षासाठी दिवसाला ४ हजार, अतिदक्षता विभागासाठी ७ हजार ५००, व्हेंटिलेटरसह ९ हजार रुपये. हे पाऊल चांगलेच होते. पण महागडी औषधे आणि काही तपासण्या यांचा खर्च वेगळा होता. दहा-बारा दिवस अतिदक्षता विभागात काढले, की ठरलेल्या दरानेही आकडा लाखाच्या आसपास जाई. त्यासाठी सोने गहाण पडले, जनावरे विकली गेली, जमिनीचे तुकडे गेले.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गरीब कुटुंब आजारपणात पैसा 'खर्च' करत नाही, ते आपले उत्पन्नाचे साधन विकते. म्हैस विकली, की उद्याचे दूधही गेले. टेम्पो विकला, की उद्याचे भाडेही गेले. म्हणून रुग्ण बरा होऊन घरी आला, तरी कुटुंब बरे होत नाही. साथ ओसरल्यावर कित्येक वर्षे त्याचे परिणाम दिसतात ते याच कारणाने.

मृत्यूंची संख्या हा तर वादाचाच विषय ठरला. सरकारी नोंदीनुसार देशात सुमारे ५ लाख ३३ हजार लोक दगावले. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख जास्त मृत्यू झाले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या जास्तीच्या मृत्यूंत कोरोनाबरोबरच इतर आजारांवर वेळेत उपचार न मिळाल्याने गेलेलेही धरलेले आहेत. भारत सरकारने हा अंदाज मान्य केला नाही. अनेक गावांत माणूस घरीच गेला, तपासणी झालीच नव्हती. मृत्यूची योग्य नोंद हा केवळ कागदाचा प्रश्न नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले. त्या वेळी ज्यांच्याकडे दाखला किंवा तपासणीचा कागद नव्हता, त्यांना तेवढ्यासाठीही खेटे घालावे लागले.

बाकीचे आजार रांगेत उभे राहिले

कोरोना आला म्हणून क्षय, रक्तदाब, मधुमेह किंवा बाळंतपणे थांबली नाहीत. थांबले ते त्यांच्यावरचे उपचार. रुग्णालये कोरोनासाठी राखीव, एस.टी. बंद, मनात भीती आणि खिशात पैसा नाही.

क्षयरोगाचेच उदाहरण घ्या. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ही नोंद १८ लाखांवर आली. वाचून बरे वाटेल, पण हे रुग्ण बरे झाले नव्हते. सुमारे सहा लाख माणसे तपासणीशिवाय घरात खोकत बसली होती. उपचार न घेणारा क्षयरुग्ण वर्षभरात दहा-पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो. आता हिशेब आपणच करावा.

लसीकरणाचेही तसेच झाले. घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात या लशीचा पहिलाही डोस न मिळालेली बालके २०१९ मध्ये देशात सुमारे १४ लाख होती. २०२० मध्ये ती ३० लाखांवर गेली. त्याचे फळ दोन वर्षांनी दिसले. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात आणि त्याचबरोबर भिवंडी, मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला आणि लहान मुले दगावली. टाळेबंदीच्या काळात जन्मलेल्या आणि लसीवाचून राहिलेल्या मुलांना गोवराने गाठले. साथीचा एक धागा तुटला, की दुसरी साथ कशी आत येते याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

बंद शाळा आणि घाईची लग्ने

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रात प्राथमिक शाळांची घंटा पुन्हा नियमित वाजायला दीड वर्षाहून अधिक काळ लागला. मोबाईलवर शिक्षण सुरू झाले खरे, पण घरात मोबाईल एक, तोही वडिलांच्या खिशात आणि तीन भावंडे तीन इयत्तांत. रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसणारी मुले आपण पाहिली आहेत.

'असर' या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले. शिक्षकांनी नंतर नेटाने प्रयत्न केले आणि २०२४ च्या पाहणीत ते पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या दोन वर्षांत जी मुले आठवी-नववीत होती आणि शाळा सुटली म्हणून कामाला लागली, ती परत वर्गात आली नाहीत. त्यांची भरपाई कोणत्या पाहणीत दिसणार?

शाळा ही फक्त शिकण्याची जागा नसते. गरीब घरच्या मुलाला तेथे दुपारची खिचडी मिळते. मुलीच्या बाबतीत तर शाळा ही एक प्रकारची ढालच असते. शाळा बंद, घरात चणचण, आणि लग्न पन्नास माणसांत स्वस्तात उरकते. मग अनेक पालकांनी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींचे हात पिवळे केले. अशा मुली लवकर गरोदर राहतात. अंगात रक्त कमी, हाडांची वाढ अपुरी आणि बाळ कमी वजनाचे. कोरोनाचा विषाणू ज्या घरात कधी शिरला नाही, त्या घरातल्या पुढच्या पिढीवरही त्याचा असा परिणाम झाला.

भार बाईच्या डोक्यावर

बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या अभ्यासात असे दिसले, की टाळेबंदीत काम गेले आणि २०२० अखेरपर्यंत परत मिळाले नाही, असे पुरुष ७ टक्के होते, तर स्त्रिया ४७ टक्के. कारण उघड आहे. धुणीभांडी, शिवणकाम, खानावळ, शाळेतील मदतनीस ही बायकांची कामे आधी बंद झाली आणि उशिरा सुरू झाली. काम गेले, पण घरातले काम दुप्पट झाले. सगळी माणसे दिवसभर घरात, वर आजाऱ्याची शुश्रूषा. घरातल्या मारहाणीच्या तक्रारी वाढल्याचे राष्ट्रीय महिला आयोगानेही तेव्हा नमूद केले.

ज्यांचे पती गेले, त्या स्त्रियांचे हाल तर वेगळेच. तिशी-पस्तिशीतली बाई, दोन मुले, पतीच्या उपचाराचे कर्ज डोक्यावर आणि जमिनीच्या उताऱ्यावर तिचे नाव नाही.

याच काळात गावोगाव दारोदार फिरून ताप मोजणाऱ्या, रुग्णांची यादी करणाऱ्या आशा कार्यकर्त्याही स्त्रियाच होत्या. त्यांना पगार नाही, मानधन मिळे, तेही तुटपुंजे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना रास्त मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरव झाला हे चांगलेच, पण गौरवाने चूल पेटत नाही.

भीती हाही एक आजार

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यात प्लेग आला, तेव्हाही शहरे ओस पडली, घरे तपासली गेली, लोक आजार लपवू लागले. साथरोगांचा कायदा १८९७ चा आहे, तो त्या प्लेगच्याच वेळचा. त्याच प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. आपल्या मातीत भीतीचा इतिहास आहे आणि धीराचाही.

२०२० मध्ये दोन्ही पुन्हा पाहायला मिळाले. रुग्णाच्या घराला बांबू लावले म्हणजे त्या घराला वाळीत टाकले, असाच अर्थ काही ठिकाणी घेतला गेला. परिचारिकेला घरमालकाने खोली सोडायला सांगितल्याचे प्रकार घडले. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा एप्रिल २०२० मध्ये त्या जुन्या कायद्यात दुरुस्ती करून अशा हल्ल्यांना कडक शिक्षा ठेवावी लागली. भीतीचा वैद्यकीय तोटा असा, की माणूस तपासणी टाळतो, उशिरा येतो आणि तोवर घरातल्या सर्वांना रोग देऊन बसतो. म्हणून रुग्णाला धीर देणे हा केवळ चांगुलपणा नाही, तो साथ रोखण्याचा उपायही आहे.

कशाने तरलो?

सगळे चित्र काळेच होते असे नाही. चार गोष्टींनी आपल्याला सावरले.

पहिली, रेशन. एप्रिल २०२० पासून सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत देण्यात आले. मधले काही महिने सोडले, तर ही योजना २०२२ च्या अखेरपर्यंत चालली. महाराष्ट्रात शिवभोजन थाळी तेव्हा पाच रुपयांत दिली गेली. दुसरी, रोजगार हमी. ही कल्पना आपल्या महाराष्ट्राचीच, येथे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. २०२०-२१ मध्ये त्या वेळच्या राष्ट्रीय रोजगार हमी योजनेवर देशभरात ११ कोटींहून अधिक लोकांनी काम केले. तोवरच्या कोणत्याही वर्षापेक्षा हा आकडा मोठा होता. तिसरी, लस. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. त्यातील बहुसंख्य डोस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाले. १७ जुलै २०२२ पर्यंत २०० कोटी डोस देऊन झाले. आणि चौथी, शेजारधर्म. धारावीसारख्या दाट वस्तीत पालिकेचे कर्मचारी, खासगी डॉक्टर आणि स्थानिक कार्यकर्ते यांनी मिळून घरोघरी रुग्ण शोधले, त्यांना वेगळे ठेवले, जेवण पुरवले. म्हणूनच ती वस्ती आवाक्यात राहिली.

यात ध्यानात घेण्याजोगे असे, की रेशन आणि रोजगार हमी ही काही साथीसाठी काढलेली व्यवस्था नव्हती. ती आधीपासून होती, म्हणून वेळेला उपयोगी पडली. विहीर तहान लागण्याआधी खणलेली होती.

टाळेबंदी चुकीची होती काय?

हा प्रश्न अनेकजण विचारतात. माझे मत असे, की रोग मंदावण्यासाठी गर्दी रोखणे आवश्यकच होते. पण डॉक्टर जालीम औषध देतो तेव्हा त्याआधी काहीतरी खाऊन घ्यायला सांगतो. धान्य, भाड्यात सवलत, गावी जाण्याची सोय आणि हातात थोडे पैसे ही तयारी आधी झाली असती, तर त्याच औषधाचा त्रास पुष्कळ कमी झाला असता. चार तासांत ती होणे शक्य नव्हते.

पुढच्या वेळेसाठी घराची तयारी

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण साथी येतच राहतात. सरकारने करायचे ते सरकारने करावेच आणि ते आपण मागावेही. त्याबरोबर प्रत्येक घराने पुढील गोष्टी करून ठेवाव्यात.

१. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, क्षय यांची औषधे कधीही मनाने बंद करू नयेत. पैशाची अडचण असेल, तर ती डॉक्टरांना सांगावी. स्वस्त पर्याय असतात आणि बरीच औषधे सरकारी दवाखान्यात मिळतात. महिनाभराचा साठा घरात असावा.

२. बालकांचे लसीकरण कार्ड जपून ठेवावे. एखादा डोस हुकला असेल, तर आरोग्यसेविकेला किंवा आशाताईंना विचारून तो पूर्ण करून घ्यावा.

३. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करावी. सरकारी केंद्रात ती मोफत होते.

४. रेशनकार्ड आधारशी जोडून घ्यावे. कामासाठी परगावी असताना तेथील दुकानातूनही धान्य घेता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सरकारी आरोग्य योजनेचे कार्डही आजारी पडण्याआधीच काढून ठेवावे.

५. रुग्णालयाचे तपशीलवार बिल आणि सर्व कागद मागून घ्यावेत. मृत्यूचा दाखला व कारणाची नोंद वेळेत करावी.

६. घर, जमीन आणि बँकेचे खाते यांवर पत्नीचे नाव असावे. बचतगटात महिन्याला थोडे का होईना टाकावे. आजारपणात उत्पन्नाचे साधन विकण्याची पाळी आली, तर ते सर्वांत शेवटी विकावे.

७. मुलगी अठरा वर्षांची होण्याआधी तिचे लग्न करू नये. आजूबाजूला तसे घडत असेल, तर १०९८ या क्रमांकावर कळवावे.

८. शेजारी साथीचा रुग्ण असेल, तर अंतर राखावे, पण अबोला धरू नये. दाराशी ठेवलेला जेवणाचा डबा रोग पसरवत नाही.

आता त्या मंडपवाल्या गृहस्थांविषयी. त्यांना सरकारी रुग्णालयातून गोळ्या सुरू करून दिल्या. जखमेचे ड्रेसिंग एक दिवसाआड होत आहे, साखर उतरते आहे, अंगठा वाचेल अशी चिन्हे आहेत. या हंगामात त्यांना कामेही मिळाली आहेत. जाताना म्हणाले, ''डॉक्टरसाहेब, कर्ज फिटायला अजून दोन वर्षं लागतील.'' मी म्हटले, ''लागू द्या. ते फेडायला तुमचे पाय धड असले पाहिजेत. तेव्हा पहिला हप्ता गोळ्यांचा.''

आपल्याही घरात अशी एखादी सुटलेली गोळी, हुकलेली लस किंवा अर्धवट राहिलेली शाळा असेल, तर तीही साथीचीच राहिलेली बाकी आहे. ती आता चुकती करू या.